रेषा बाकी असलेला बोर्ड

मी, चैत्या लखमा हाडळ, धंदा बोर्ड रंगवण्याचा, राहणार विवळवेढे, तालुका डहाणू, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी पाजलेलं नाही, कोणी धमकावलेलं नाही. वकील टाइप करून देतो म्हणत होते, मी नको म्हटलं. उभी हयात चारोटीच्या नाक्यावर दुसऱ्यांची नावं लिहिली, मग स्वतःचा शेवटचा मजकूर मशीनवर कशाला? अक्षर हललेलं दिसेल. गेल्या दिवाळीपासून उजवा हात कापतो. तेवढ्यावरून कागद खोटा ठरवू नये. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर आणि मागची चिकूची झाडं पत्नी रखमी हिच्या हयातीत तिच्याच ताब्यात राहतील. तिच्या पश्चात मुलगा विनोद आणि मुलगी दक्षा यांना निम्मी निम्मी. मुलीला घरात वाटा कशाला, असं ज्याला म्हणायचं असेल त्याने ते रखमीसमोर म्हणून दाखवावं.

२. डोंगराकडची भाताची जमीन विनोदला. कसतो तोच. तिथे पाणी नाही, तेव्हा कोणाचं ऐकून बाग लावायच्या फंदात पडू नये. बँकेत जे असेल ते रखमीचं. ते फार नाही, त्यावरून कोणी तोंड पाडू नये.

३. माझी बांबूची शिडी रखमीचा भाऊ चिमण याला. हे वाचून घरचे चमकतील. चिमणने नाक्यावर फ्लेक्सचं मशीन आणलं आणि माझा धंदा बसला. महालक्ष्मीच्या जत्रेआधी दुकानदार माझ्या पडवीत येऊन बसायचे, ते सगळे त्याच्याकडे वळले. मी त्याच्याशी बोलणं टाकलं ते आजतागायत. तरी शिडी त्यालाच. फ्लेक्स टांगायलाही वर चढावं लागतं, आणि त्याची शिडी कुजली आहे. पडला तर रखमी रडेल.

४. माझे सगळे ब्रश, रंगांचे डबे, खडूची दोरी आणि हात टेकायची काठी दक्षाला. वकील म्हणाले, मृत्युपत्रात गोष्टी सांगत बसू नका. पण कारण न सांगता दिलं तर पोरीला हे ओझं वाटेल, म्हणून सांगतो.

आम्हा नाक्यावरच्या पेंटर लोकांत एक रीत आहे. बोर्डावर अक्षरं सगळी लिहायची, पण अक्षरांच्या डोक्यावरची रेषा बाकी ठेवायची. बोर्ड दारावर चढतो, मालक नारळ फोडतो, मग पेंटरने शिडीवरून एका दमात रेषा ओढायची. रेषा ओढली की दुकान उघडलं. आधीच ओढली तर उघडण्याआधी धंदा संपला, असं मानतात. माझ्या उस्तादाने मला तसं शिकवलं, मी दक्षाला शिकवलं. शिकवलं ते चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही.

दक्षाचा हात माझ्याहून चांगला. हे बापाचं कौतुक नाही. तलासरीकडून गिऱ्हाइकं यायची ती पोरीच्याच हातचं पाहिजे म्हणायची. २०१४ साली ती बारावी झाली आणि म्हणाली, आता हेच काम कॉम्प्युटरवर शिकते, पुढे त्यालाच नोकऱ्या आहेत. आधी डहाणूला क्लास केला, मग मुंबईला मावशीकडे राहून डिझाइनचा कोर्स. शिकण्यात तिने कसूर केली नाही. क्लासचे सर म्हणायचे, हिला नोकरी ठेवलेलीच आहे.

कोर्स संपल्यावर एका जाहिरातीच्या कंपनीने बोलावलं. कामाचे नमुने घेऊन जायचे होते. तिने कॉम्प्युटरवर बोर्ड तयार केले, जी दुकानं अजून कुठेच नाहीत अशा दुकानांचे. दुकान उघडलेलं नाही, म्हणून तिने प्रत्येक अक्षरावरची रेषा खोडून काढली. रात्रंदिवस बसून खोडली.

तिथल्या साहेबाने विचारलं, हे गुजराती आहे का? मराठी आहे, ती म्हणाली. मग अर्धवट का, त्याने विचारलं. तिने सांगितलं, "उघडणीच्या दिवशी ओढतात, सर." खोलीतले सगळे हसले. वाईट मनाने हसले नाहीत, असं तीच सांगते. मला ते हसणं अजून सहन होत नाही.

घरी आली तेव्हा मी म्हटलं, पुढच्या वेळी ओढून ने. ती म्हणाली, "कॉम्प्युटरवर रेषा अक्षराबरोबरच येते, बाबा. ती कोणाची वाट बघत नाही."

पुढची वेळ तिने येऊच दिली नाही. आता ती चिमणच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसते आणि वाढदिवसाच्या बॅनरवर पुढाऱ्यांची तोंडं चिकटवते. चिमण तिला नीट वागवतो, हे लिहायला जड जातं पण खरं आहे. घरी ब्रशला हात लावत नाही. माझं शिकली, त्यांचंही शिकली, आणि दोन्ही मिळून तिचं काही झालं नाही. याचं मला रोज वाईट वाटतं. ब्रश देतो ते तिने धंदा करावा म्हणून नाही. ते दुसऱ्या कोणाच्या हातात बघवणार नाहीत.

५. पडवीत गोणपाटाखाली एक बोर्ड आहे. निळ्यावर पिवळ्या अक्षरात 'दक्षा आर्ट'. ती मुंबईला गेली त्याच आठवड्यात लिहिला. कोर्स करून येईल, नाक्यावर गाळा घेईल, मी रेषा ओढीन, असं मनात होतं. आता तशी रेषा माझ्याच्याने होत नाही. जुन्या पत्र्यावर ओढून बघितली, नांगर गेल्यासारखी गेली. बोर्ड दक्षाचा. कुठे लावायचा, लावायचा की नाही, तिने ठरवावं. चिमणच्या दुकानावर लावला तरी माझी हरकत नाही, शिडी तिथेच असेल. विनोदने मात्र तो पत्रा समजून गोठ्यावर टाकू नये.

दक्षाला साक्षीदार करता आलं नाही. ज्याला काही मिळतं त्याची सही घेऊ नये म्हणतात. एवढं लिहितोय तोच ती कामावरून आली. दारातूनच म्हणाली, "कुणाचा बोर्ड लिहितोस, बाबा?"

मी कागदावर हात ठेवला. म्हटलं, "आहे एकाची उघडणी. माझा हात चालायचा नाही. रेषेला तू येशील?"

तिने चपला काढल्या. माझ्यासमोर बसलेल्या दोन्ही साक्षीदारांकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं.

"येईन," म्हणाली.

दोन्ही साक्षीदारांनी हे ऐकलं आहे.

ठिकाण: विवळवेढे
दिनांक: १२ मार्च २०१९

सही: चैत्या लखमा हाडळ

आमच्यासमोर लिहिलं, आमच्यासमोर सही केली:
१. सुनिल बाबल्या धोडी, शेजारी
२. पुष्पा पांड्या वरठा, अंगणवाडी सेविका