ओल्या सुताची गल्ली

बाबा, परवा मी आईला घेऊन आपल्या गल्लीत गेले होते. गल्ली म्हणायचं ते सवयीनं. आता तिथे ट्रक जाईल एवढा रस्ता आहे, आणि दोन्ही अंगांना टीव्हीची, मिक्सरची, रेडिमेड कपड्यांची दुकानं आहेत. गोळीबार चौकात ऑटोवाल्याला म्हटलं, "पांजणीच्या गल्लीत घे." तो म्हणाला, "अशी कोन्ती गल्ली नाही न इथं, बाई." तरणा पोरगा, त्याला कुठून माहीत असणार? आपल्या शहराची ही खोडच आहे, मोडून गेलेल्या जागांवरून पत्ते सांगायचे. मीही त्यातलीच.

तेव्हा त्या गल्लीत चाक म्हणून येत नव्हतं. उजाडलं की कोणाचा ना कोणाचा ताणा, मागावर चढवायचं उभं सूत, गल्लीभर पसरलेला असायचा, या टोकाच्या खुंट्यापासून त्या टोकाच्या खुंट्यापर्यंत, मध्ये बांबूच्या कैच्यांवर टेकवलेला, छातीइतका उंच. एका अंगाला तुम्ही, दुसऱ्या अंगाला शेजारचे काका, हातात लांब कुंचे घेऊन त्या सुताला खळ लावत, पांजणी करत इकडून तिकडे जाताय. आंबूस वास थेट चुलीपर्यंत येतोय. गल्ली इतकी अरुंद की कुंचा मारणाऱ्यांपुरतीच जागा. बाकी सगळ्यांनी ताण्याखालून वाकून जायचं. ओल्या सुताला धक्का लागला की धागे धाग्यांना चिकटतात आणि बायकांनी भरलेलं सगळं सूत वाया जातं, हे लहान पोरांनाही कळायचं. दूधवाला वाकायचा, पोस्टमन वाकायचा, नवी नवरी शालूसकट वाकायची. एकदा मतं मागायला आलेला पुढारी टोपी सांभाळत खालून गेला, तेव्हा तुम्ही काकांना म्हणालात, "यायले बी गल्ली वाकवते गा!" तुम्ही हसलेले मला आठवता ते तेवढेच.

त्या सकाळी ताणा आपला होता. माझा धाकटा भाऊ आदल्या दिवसापासून तापानं फणफणत होता. तुम्ही खळ घेऊन बाहेर पडलात आणि मग त्याचे डोळे फिरले. तुम्हाला ते माहीत नव्हतं. कोणीतरी रिक्षा आणली, ती गल्लीच्या तोंडाशीच उभी राहिली. आई त्याला छातीशी धरून निघाली, मी मागे तांब्या घेऊन. तुम्ही कुंचा न थांबवता म्हणालात, "खाली वाकून जा वं, सूत ओलं हाये." रोज सगळ्यांना म्हणायचात तसंच, तितक्याच मायेनं. आई सबंध गल्ली वाकून चालली, हळूहळू, डोकं सुताला लागणार नाही असं. ताणा तोडा, उचला, असं गल्लीत कोणाला सुचलंसुद्धा नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. डॉक्टर हे बहुतेकांनाच म्हणतात, हे मला पुढे कळलं. तुम्हाला ते कोणी सांगितलं नाही.

पुढे रस्ता रुंद करायला मोजणीवाले आले. ओटे पाडायचे, खुंटे काढायचे, डांबर टाकायचं. गल्ली एक झाली आणि त्यांना आडवी गेली, कारण रस्ता झाला की ताणा पसरायचा कुठे? तुम्ही घरातून सब्बल आणलीत आणि सगळ्यांच्या देखत आपला खुंटा उपटलात. काका ओरडले, "काहून गा? आमच्या पोटावर रस्ता टाकून राहिला तू!" तुम्ही एवढंच म्हणालात, "रिक्षा आत आली पायजे." मग कोण अडवणार? रस्ता झाला आणि पांजणी बंद पडली. एकेक माग मोडीत गेला, आपलाही. तुम्ही इतवारीच्या बाजारात कापडाचे गठ्ठे उचलायला लागलात. काका तुमच्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. शेवटच्या दुखण्यात तुम्ही एकच बडबडत होता, "ताणा तोडा रे, ताणा तोडा." तुम्हाला खांदा द्यायला गल्लीतलं कोणी आलं नाही, माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातली माणसं आणावी लागली. रस्ता अगदी मोकळा होता.

परवा आई माझा हात धरून त्याच रस्त्याच्या कडेनं चालत होती. तिला आता जुनं आणि नवं वेगळं करता येत नाही. आपला खुंटा होता तिथे आली आणि वाकली. पदर छातीशी घट्ट धरून वाकूनच चालायला लागली. मागून स्कूटरवाला हॉर्न मारत होता. मी म्हटलं, "आई, काही नाही इथं, सरळ चाल." ती म्हणाली, "मालूम हाये मले," आणि तशीच चालत राहिली. बाबा, या वेळी तिला कोणीही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तुम्ही गप्प राहिला असता तरी ती वाकलीच असती. हे तुम्हाला सांगायचं म्हणून लिहायला बसले. पण ते खरं आहे की माझ्या समाधानापुरतं, ते मला माहीत नाही. तिला विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

नंदनवन वस्तीतल्या माझ्या घरी यायला मी तिथेच ऑटो थांबवला. आत बसल्यावर आईनं इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "रिक्षा आत कशी आली वं?"

तुमचं नाव ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "रस्ता झाला न, आई." रस्ता कोणी करू दिला, ते मला तिला सांगता आलं नाही.