सतरा राजदूत, माणसं सोळा

चिरंजीव बापू (आणि पुढच्या महिन्यापासून साडेनऊ ते साडेपाच सन्माननीय राजदूत महोदय),

आशीर्वाद, कचेरीत उघडलंस तर नमस्कार समज. पाठ कशी आहे तुझी? इथल्या राजदूताच्या खुर्चीची एक स्प्रिंग वर आली आहे, म्हणून विचारतो. माझे गुडघे कुरकुरतात, तुझी ताई माझ्यावर कुरकुरते, एकूण घरात कुशल आहे. अठरावा राजदूत म्हणून तू इथेच येतोस हे कळल्यावर तिने अख्ख्या इमारतीला सांगितलं, लिफ्टवाल्याला दोनदा.

तुझ्या स्वागताला आपल्या इथल्या राजदूतांचा इतिहास छापायचं ठरलं आणि ते लोढणं माझ्या गळ्यात आलं. का, तर मी तीस वर्षं याच दूतावासात कारकून आहे (माझ्या बदलीचा हुकूम कुठल्या फायलीत गेला, ते मीही शोधत नाही). जुनी पानं आयतीच होती. इथली रीतच अशी की जाणाऱ्या राजदूताने स्वतःवर एक पान लिहून ठेवायचं आणि येणाऱ्याने त्यातली विशेषणं छाटायची. तरीही सतराच्या सतरा जणांनी दोन्ही देशांचे संबंध नव्या उंचीवर नेले आहेत. एवढ्या उंचीवर खरं तर धाप लागायला हवी. तिसऱ्यांनी सगळी कारकीर्द आपला झेंडा समोरच्या दूतावासापेक्षा वीतभर वर नेण्यात घालवली. समोरचेही हट्टाला पेटले, शेवटी नगरपालिकेने दोघांचेही खांब कापले. पाचव्यांनी सकाळी आपल्या नेमणुकीचं अधिकारपत्र दिलं आणि दुपारी ते घेणारे राष्ट्राध्यक्षच पळून गेले. नव्या अध्यक्षांना पुन्हा द्यावं लागलं. मंत्रालयाचा नियम, जितकी अधिकारपत्रं तितके राजदूत, म्हणून हेच गृहस्थ पाचवे आणि हेच सहावे. जिन्यात त्यांचे दोन फोटो आहेत, दुसऱ्यात टाय वेगळा.

अकराव्यांच्या पानावर मात्र माझा हात अडला. पंचवीस वर्षांपूर्वी शहरात गोळीबार सुरू झाला आणि नेमकी तेव्हाच त्यांची दाढ दुखायला लागली. दाढ दाखवायला म्हणून त्यांनी मायदेशी काढता पाय घेतला. जाताना किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "जरा बघा." मागोमाग मंत्रालयाची तार आली, पुढील आदेशापर्यंत कामकाज पाहावे. पुढील आदेश अकरा महिन्यांनी आला. तोवर मी जरा बघितलं. व्हिसाच्या खोलीत चौसष्ट माणसं झोपत होती, एक बाळ करारांच्या टेबलावर जन्मलं, आणि तुझी ताई चहाच्या स्टोव्हवर सगळ्यांचं रांधत होती (मेजवानीच्या त्या सोनेरी काठाच्या बश्यांचा शेवटी एकदाचा कुणाला तरी उपयोग झाला). तीनशे बारा जणांना मी माझ्या सहीचे प्रवासाचे कागद दिले आणि सीमेपर्यंत पोचवलं. शौर्य वगैरे काही नाही, बापू, दर फेरीला मीही आपली एखादी दाढ दुखते का, ते चाचपून बघायचो. हे सगळं मी चार ओळींत लिहिलं. विशेषण एकही नाही.

मसुदा मंत्रालयातून तपासून आला. चार ओळींवर तांबडी रेघ, आणि समासात दोन शब्द: पद रिक्त. म्हणजे एका माणसाचे दोन राजदूत होतात आणि अकरा महिने राबलेला माणूस हिशेबात शून्य. दाढवाल्याचा फोटो जिन्यात आहे; सगळे दात दाखवून हसतोय. मला फार लागलं ते. खोटं कशाला बोलू, टाइपरायटरच्या खोलीचं दार लावून रडलो. या वयात शोभत नाही, पण दार तरी लावलं होतं.

बाकी इकडे ठीक. येताना स्वेटर आण, तुझ्या खोलीतला हीटर फक्त आवाज करतो.

तुझा,
दाजी (यादीबाहेरचा)

ता. क. पुस्तिका शुक्रवारी छापखान्यात जाते. महिनाभर तू अजून मंत्रालयातच आहेस, तिथे तुझा शब्द चालतो. ते दोन शब्द काढून माझ्या चार ओळी ठेवता येतील का? चार जड होत असतील तर एक. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच होतं.

आणखी एक. वरचं लिहून झाल्यावर मसुदा तुझ्या ताईने पाहिला. चष्मा पुसला, परत लावला आणि म्हणाली, "अहो, समासातलं हे अक्षर आमच्या बापूचं आहे." तिनेच तुझ्याकडून गिरवून घेतलेलं अक्षर, ती चुकायची नाही. राजदूतांच्या यादीत राजदूताचा कारकून मेहुणा बरा दिसत नाही, हे मी समजू शकतो. ती समजत नाही.

आता शेवटचं. त्या वर्षी सुट्टीला ताईकडे आलेला तूही इथेच अडकला होतास. तीनशे बारांतला एकोणिसावा कागद तुझा. सीमेवरचा शिपाई तो उलटसुलट करून बघत होता, तेव्हा तू माझा दंड सोडायला तयार नव्हतास. ताई विचारते आहे, पद रिक्त होतं, तर त्या कागदावर सही कुणाची होती?