बोलावणं एकाचं, जाणं दोघांचं

आई, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तू असतानाही माझी पत्रं तुला दुसरं कुणीतरी वाचून दाखवायचं, त्यामुळे त्यांत खुशालीपलीकडे काही नसायचं. आज रविवार आहे, चर्चची उपासना आटोपून आम्ही भायखळ्याच्या घरी आलोय. सासूबाई आडव्या झाल्यात, मुलगी क्लासला गेली आहे, आणि तुझी सून आतल्या खोलीत चौथीच्या मुलांच्या वह्या तपासत बसली आहे. बातमी अशी की आम्ही दोघं तीन वर्षांसाठी मलावीला जातोय. आफ्रिकेतला लहानसा देश आहे. तिथल्या एका मिशन दवाखान्यात जनरेटर, पाण्याचे पंप आणि ऑपरेशनची हत्यारं वाफेने निर्जंतुक करायची यंत्रं सांभाळायला माणूस हवा आहे. परळच्या दवाखान्यात मी गेली चोवीस वर्षं तेच करतोय.

तुला आठवत असेल, मी नववीत असताना एका पाहुण्या मिशनरीने शाळेच्या भिंतीवर परदेशातली चित्रं दाखवली होती. बोर्डिंगच्या स्वयंपाकघरातली भांडी आटोपून तू पदराला हात पुसत मागे येऊन उभी राहिलीस. मी तुला म्हणालो, मीही जाणार मिशनरी होऊन. तू म्हणालीस, आधी दहावी हो. दहावी झालो, आयटीआय झालो, मुंबईला आलो, लग्न झालं. ते जायचं मात्र मनातून गेलं नाही. चर्चच्या मंडळीत मलावीच्या दवाखान्याचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं, हे माझ्याच नावाने आलंय.

आमच्या पाळकसाहेबांची एक रीत आहे. कुणाला असं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, झाल्यासारखं वाटलं, तर घरातल्यांनी सहा आठवडे त्या विषयावर एकमेकांशी बोलायचं नाही. ज्याने त्याने आपापली प्रार्थना करायची. मग एक दिवस बसायचं आणि सगळ्यात लहान असेल त्याने आधी बोलायचं, म्हणजे मोठ्यांच्या शब्दाचं ओझं लहानांवर पडत नाही. रीत मला पटली होती. पण रोज संध्याकाळी आमची कुटुंबप्रार्थना असते, आणि तिथे मोठ्याने प्रार्थना करायला काही बंदी नव्हती. पहिल्या आठवड्यात मी म्हणालो, प्रभू, आमची भीती काढून टाक. दुसऱ्या आठवड्यात, प्रभू, ज्यांना आपल्या शाळेचा मोह सुटत नाही त्यांना बळ दे. तिसऱ्या आठवड्यात मी देवाला सांगत होतो की तिथली हवा फार चांगली आहे, महाबळेश्वरसारखी, आणि गुडघेदुखीला ती मानवते. गुडघे कुणाचे दुखतात ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तुझी सून डोळे मिटून बसली होती. आमेन झाल्यावर उठून पोळ्या करायला गेली.

मुलगी बारावीला आहे. तिने बायबल मिटलं आणि सरळ विचारलं, "पप्पा, हे तुम्ही देवाला सांगताय की मम्मीला?"

मी तिच्यावर चिडणार होतो, पण मला बोर्डिंगचं जेवणघर दिसू लागलं. मी दहा-अकरा वर्षांचा आहे, जेवणाआधीची प्रार्थना म्हणायची पाळी माझी आहे, आणि दीडशे पोरांसमोर मी म्हणतो, हे प्रभू, उद्याची आमटी तरी घट्ट होऊ दे. पोरं खिदळतात. तू हातात पळी घेऊन उभी आहेस, चेहरा हलत नाही. जेवणं झाल्यावर तू मला मागच्या दाराशी नेलंस. मारलं नाहीस. म्हणालीस, "देवाशी बोलायचं तर देवाशी बोल. मला काय सांगायचं आसंल ते माझ्या तोंडावर सांग. त्याला मधी घालू नको." चाळीस वर्षं होत आली, आणि मी त्याला पुन्हा मधे घातलं होतं.

उरलेले तीन आठवडे मी मोठ्याने प्रार्थना केली नाही. जड गेलं. सकाळी पहिली बस पकडून शिवाजी पार्कला जायचो, दोन फेऱ्या मारून कट्ट्यावर बसायचो आणि मनात म्हणायचो, तिचं उत्तर तिचं असू दे. ती नाही म्हणाली तर मला रुसायला लावू नकोस. ही दुसरी प्रार्थना खरी होती, कारण मी रुसतो.

बसायचा दिवस आला. मुलगी म्हणाली, जा, मी हॉस्टेलला राहीन, सुट्टीत येईन, हत्ती बघायचेत मला. तिच्यानंतर तुझी सून, मग मी, शेवटी सासूबाई, असा क्रम होता. तो सासूबाईंनीच मोडला. म्हणाल्या, "जावईबापू, मला विचारताय की सांगताय?" मी म्हणालो, विचारतोय. "मग मी अँटॉप हिलला पोराकडे जाईन. तिथली सून तिखट कमी घालते, तेवढं सोसेन."

मग तुझी सून बोलली. चटईचा काठ सारखा करत म्हणाली, "मला बोलावणं आलेलं नाही. सहा आठवडे वाट पाहिली, नाही आलं. तुम्हाला आलंय असं मला वाटतं. मी येते तुमच्याबरोबर, मनापासून येते. फक्त मंडळीत उभं राहून आम्हा दोघांना बोलावलं असं म्हणू नका. ते खोटं होईल."

आज उपासनेत मी सगळ्यांसमोर साक्ष द्यायला उभा राहिलो. अशा वेळी नवराबायकोंनी एकाच सुरात बोलायचं असतं, सगळे तसंच बोलतात. मी म्हणालो, बोलावणं मला आहे. हिला नाही, तरी ही येते आहे, हिच्यासाठी जास्त प्रार्थना करा. बाहेर चहाच्या वेळी बायका तिच्याभोवती जमल्या होत्या आणि ती कशाला तरी हसत होती. इतकं हलकं वाटलेलं मला आठवत नाही.

एक राहिलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिता येतंय. तू असतीस तर मला तुला विचारावंच लागलं असतं. तू नको म्हणाली असतीस आणि मी परळलाच राहिलो असतो, कुरकुरत. मंडळीत ते पत्र वाचलं गेलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो देवाचा नव्हता. आता तुझी परवानगी घ्यायची नाही, हा होता, आणि मला त्याचं बरं वाटलं.