झाकण चार सूत बाहेर

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा. सकाळी सात.
ठरलं. आजपासून रोजनिशी आणि आजपासून पेटी. दोन्ही एकदम.
पाने पुन्हा गंजले. काल पानगावला बोअरमधून मोटर काढायलो होतो, तेवढ्यात पाऊस. पिकअपच्या हौद्यात मेणकापडाखाली ठेवलेलं सगळं सामान भिजलं. दगडोबा काहीच बोलला नाही. अकरा वर्षं झाली, आम्ही दोघं मिळून पाण्याच्या मोटारी काढतो, दुरुस्त करतो, परत बोअरमध्ये सोडतो. तो बोलत नाही म्हणजे लई चिडलाय.
उपाय: हौद्यात कायमची लाकडी पेटी. वॉटरप्रूफ. मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. एक गोरा माणूस एका शनिवारात करतो, मध्ये दोनदा कॉफी पितो. मी कॉफी पीत नाही. म्हणजे दुपारपर्यंत व्हायला पाहिजे.

२३ ऑगस्ट, शनिवार.
पोळ्याची कर. प्लायवूडचं दुकान बंद. शनिवार वाया गेला, यात माझी चूक नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार.
दगडोबा बोलला. न बोलता होता तेच बरं होतं. नांदेडच्या सोमेशनं त्याला कामाला बोलावलंय. सोमेशकडं बंद व्हॅन आहे, आत कप्पे, प्रत्येक पान्याला नंबरवारी जागा. दगडोबा म्हणाला, आप्पा, पैशाचं काय न्हाई, पण सामान असं कुजताना बघवत न्हाई. निम्मे पाने त्याचे स्वतःचे आहेत, हेही खरं. दसऱ्याला सांगतो म्हणाला, जायचं का राहायचं.
मी शब्द दिला. खंडेनवमीला हत्यारांची पूजा नव्या पेटीतच. तो हाव म्हणाला.
माझ्या मते तो जाणार नाहीच. माझ्याशिवाय त्याला करमायचं नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार.
प्लाय आणायला नागप्पा मिस्त्रीकडं. मिस्त्री उदगीरकडचा, हात चांगला, पण सल्ला न मागता देतो. म्हणाला, मीच करून देतो की, दोन दिवसांचं काम. मी नको म्हणालो. केसासारखी तार गुंडाळून मोटर भरणारा माणूस मी, मला पेटीचं काय कौतुक?
मग त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. एक: झाकण चारी बाजूंनी चार सूत बाहेर काढा, म्हणजे पाणी पेटीच्या बाहेर गळतं. दोन: तळाला दोन भोकं पाडा. दुसरी ऐकून मला हसू आवरेना. वॉटरप्रूफ पेटीला भोकं! मिस्त्रीचं वय झालं आता. पहिली गोष्ट तेवढी लिहून घेतली.

३१ ऑगस्ट, रविवार. दुपार.
सकाळी मिस्त्रीकडून आणलेले प्लायचे मोठे तुकडे ओसरीवर ठेवले होते. जेवून बघतो तर तुकडे गायब. आत महालक्ष्म्यांपुढं पायऱ्या झाल्यात, वर बायकोची, सिंधुची, लग्नातली साडी अंथरलेली, साडीवर लाडू, करंज्या, अनारसे. सिंधुला विचारलं, हे काय? ती म्हणाली, आवो, तुमचं लाकूड लक्ष्मीच्या कामाला आलं, आणखी काय पाहिजे?
देवीखालून प्लाय ओढून काढता येत नाही. तीन दिवस सक्तीची सुट्टी. वेळ वाया घालवला नाही, डिझाईन सुधारलं. आता कप्पे सात.

३ सप्टेंबर, बुधवार.
प्लाय परत मिळाला. एका तुकड्यावर तुपाचा गोल डाग. चांगलंच झालं, तुपाला पाणी लागत नाही.

७ सप्टेंबर, रविवार.
आज कापायचं पक्कं होतं. रात्री ग्रहण. सिंधु म्हणाली, वेधात करवत धरू नका. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण सणासुदीत वाद नको म्हणून दुपारभर झोपलो.

१० सप्टेंबर, बुधवार.
कापलं! पाच तुकडे आणि झाकण. एक तुकडा दोनदा कापला, तरी आखूडच. (त्याचा सातवा कप्पा करणार होतो. आता कप्पे सहा.)
झाकणाचं माप काटेकोर घेतलं. सूत म्हणजे टेपवरची बारीक रेघ. खालच्या कडेला स्पष्ट छापलेल्या आहेत, एकेका सेंटीमीटरला दहा. चार मोजल्या, खूण केली. दगडोबा बघत उभा होता. त्यानं विचारलं, आप्पा, सूत म्हंजी इंचाचा आठवा हिस्सा ना? चार सूत म्हंजी अर्धा इंच होतंय की. मी म्हणालो, ते निजामाच्या काळातलं. आता सगळं मेट्रिक झालंय.
तो करवत आणायला गेला. पटलं असणार.

१७ सप्टेंबर, बुधवार. मुक्तिसंग्राम दिन.
झेंडावंदन करून आलो ते थेट कामाला. तळ बसवला, चारी बाजू ठोकल्या. फटीत सिलिकॉनच्या पाच ट्यूब. आतून डांबर, बाहेरून हिरवा ऑइल पेंट. मग टेस्ट. पेटीत तीन बादल्या पाणी ओतलं आणि तासभर घड्याळ लावून बसलो.
एक थेंब बाहेर आला नाही. एक थेंब!
दगडोबाला मुद्दाम बोलावून दाखवलं. तो म्हणाला, पण आप्पा, पाणी तर बाहेरून येणार हाय. मी म्हणालो, ज्या पेटीतून बाहेर जात नाही, त्या पेटीत आत कसं येईल? तो बादल्या उचलून ठेवायला लागला.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.
पेंट वाळत नाही. सहा दिवस पावसानं उसंत दिली नाही. पिकअप शेडमध्ये, पेटी हौद्यात बोल्ट मारून पक्की. बसलो की उठावं वाटतं, उठलो की पेटीकडं जातो, बोट लावून बघतो, बोट हिरवं. जेवताना भाकरी हिरवी झाली. सिंधु म्हणाली, अंड्यावरची कोंबडी तरी मधूनमधून दाणे टिपायला उठते.
खरोळ्याहून फोन आला होता, निवृत्तीच्या बोअरमध्ये मोटर अडकलीय. त्याला सांगितलं, दसऱ्यानंतर. ओल्या पेंटवर पाइप कसे टाकायचे? दगडोबा म्हणाला, माणसाच्या घरी पाणी न्हाई आप्पा. मी म्हणालो, एवढ्या पावसात पाणी नाही कसं? तो उठून गेला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार.
झाकण बसलं. बिजागऱ्या, कडी, कुलूप. झाकण चारी बाजूंनी बाहेर आलंय. लांबून दिसत नाही, जवळ जाऊन डोळे बारीक केले की दिसतं. पेटीवर पांढऱ्या रंगानं आमची दोघांची नावं लिहिली: मन्मथ अँड दगडोबा. 'अँड'ला जागा कमी पडली म्हणून दगडोबा जरा बारीक आलाय. त्यानं वाचलं आणि पहिल्यांदा हसला. मला लई बरं वाटलं. 

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी. दुपारी बारा.
पूजा झाली. दगडोबा नवा सदरा घालून आला आणि बरोबर एक पोतं. त्यानं घरी लपवून ठेवलेले चांगले पाने, पाइपाची चावी, सगळं आणलं. गंज लागू नये म्हणून तीन वर्षं ते त्यानं कामावर आणलंच नव्हतं, हे मला आज कळलं. एकेक पाना माझ्या पेटीत मांडला. मधल्या कप्प्यात आमचा नवा मेगर, मोटर जळाली का शाबूत आहे ते सांगणारं मशीन. सगळ्याला हळदीकुंकू, झेंडू, वर नारळ. झाकण लावलं. आता उद्या सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, रीतच आहे.
दर्शनाला पिकअप अंगणात, रस्त्यावरून दिसेल अशी लावली. तो जात नाही. मला खात्री आहे.

त्याच दिवशी, दुपारी चार.
पाऊस. साधासुधा नाही, पत्र्यावर कुणी गिट्टी ओतल्यासारखा. दगडोबा भिजत पळत आला, हातात जुनं मेणकापड. म्हणाला, उघडायची न्हाई, हात लावायचा न्हाई, नुसतं वरून टाकू. सिंधुही म्हणाली, टाकू द्या की.
मी साफ नाही म्हणालो. मेणकापडच टाकायचं होतं तर पेटी कशाला केली? लोक बघतात रस्त्यावरून. दगडोबाला म्हणालो, भरवसा आहे का नाही माझ्यावर? तो मेणकापड तसंच धरून उभा राहिला. मग घडी घालून ओसरीवर ठेवलं आणि गेला.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. सकाळी आठ.
उघडली.
काठोकाठ पाणी. हळदीचं, पिवळं धमक. वर झेंडू आणि नारळ तरंगायले. मेगर तळाला.
दगडोबानं झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं. पाणी झाकणावरून निथळून सरळ फटीत उतरलं होतं आणि आत जाऊन तिथंच राहिलं होतं, कारण जायला वाटच नव्हती. तो म्हणाला, आप्पा, तू हौद्यात हौद बांधलास. हसला नाही. बाह्या वर करून हात घातला, एकेक पाना काढला, खिशातल्या दस्तीनं पुसला. त्याचे एकीकडं, माझे एकीकडं. माझेही पुसले. ते बघवलं नाही मला, आत जाऊन बसलो.
संध्याकाळी सोनं द्यायला आला. आपट्याचं पान हातात दिलं, गळ्याला मिठी मारली, सोन्यासारखं राहा म्हणाला. उद्या सकाळच्या बसनं नांदेड. मी बरं म्हणालो. 

४ ऑक्टोबर, शनिवार.
शांत डोक्यानं विचार केला. पेटीत दोष नाही. हौद्यातून काढायला चार माणसं लागली, सांधा हलला नाही. अंगणात ठेवलीय, अजून थेंब गळत नाही, म्हैस त्यातलंच पाणी पिते. गल्लीतल्या दोघांनी विचारलं, असा हौद कुठं मिळाला?
पुढच्या पेटीला तळाशी दोन भोकं ठेवायची. ही कल्पना मला आज अंघोळ करताना सुचली. सिंधुला सांगितली. तिनं विचारलं, नागप्पा मिस्त्रीला सांगितली का?

८ ऑक्टोबर, बुधवार.
खरोळ्याला एकटाच गेलो. एका हातानं साखळी ओढायची, दुसऱ्यानं पाइप धरायचा, आणि पाइप आवळायचा चिमटा लावायला तिसरा हात लागतो. हे अकरा वर्षांत कधी लक्षात आलं नव्हतं. दोनदा ओरडलो, दगडोबा, चावी दे. बोअरवाला म्हणाला, मी निवृत्ती हाय. तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा त्यानं गुपचूप चावी दिली. पण त्यासाठी हातातला पाइप सोडून दिला. मोटर परत खाली.
करमत नाही. लिहून टाकतो, कोण वाचणार आहे. करमत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी साडेनऊ.
दगडोबाचा फोन! गेल्यापासून पहिला. नाव दिसलं तसा हातातला चहा खाली ठेवला. मनात म्हणालो, आला ताळ्यावर. नांदेड मानवलं नसणार.
तो म्हणाला, आप्पा, तू सिलिकॉन कंचं लावलंतास? सोमेशच्या व्हॅनच्या टपाला फट पडलीय, पान्यांवर टपकायलंय. इथं कुणालाच जमंना.
मी सगळं सांगितलं. ट्यूब कोणती, फट आधी फडक्यानं कोरडी कशी करायची, बोट साबणाच्या पाण्यात बुडवून कसं फिरवायचं. बावीस मिनिटं बोललो. तो हाव, हाव म्हणत लिहून घेत होता. मध्ये एकदा थांबला. बाकी कसं हाय, आप्पा, असं विचारलं. मागं व्हॅनच्या दाराचा आवाज येत होता. मी म्हणालो, एकदम झकास. आणि ट्यूबचं तोंड तिरकं कापायचं असतं तेही सांगितलं, कारण ते लोक विसरतात.
फोन ठेवला. सिंधु चुलीपुढून उठून आली होती. विचारलं, परत या म्हणालात का?
राहिलंच.
उद्या सकाळी म्हणतो.