हातवाऱ्यांसह कविता

रविवार, संध्याकाळ. महाबळेश्वर, लॉजवर.

नातीच्या, सईच्या, हनुवटीला तीन टाके पडले. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही. पण डोळे मिटायला मीच सांगितलं होतं.

तळ्याच्या पायरीवर बोटीची वाट बघत होतो. पाणी पाहून शाळेतली तळ्यावरच्या पाखराची कविता आठवली. गुरुजी कविता हातवाऱ्यांसह म्हणायला लावायचे. सईलाही ती शिकवत म्हटलं, "पाखरू आलं की हात पसर, डोळे मीट." तिनं मिटले, आणि ओल्या पायरीवरून घसरली.

दवाखान्यात सून विचारत होती, "आवं आबा, पडली कशी?"

माझ्याआधी सईच म्हणाली, "मी पळत हुते."

"लय शानी! माकडावानी उड्या मार अजून."

मी गप्प. का? सून पुन्हा पोरीला माझ्याजवळ सोडणार नाही, ही भीती. आठ वर्षांच्या पोरीनं माझी चूक अंगावर घेतली आणि मी ती घेऊ दिली.

मघाशी सुनेला खरं सांगून टाकलं. डोळे मिटायचंही.

ती म्हणाली, "पळताना पडली असती तर हात टेकून तळहात खरचटलं नसतं व्हय, आबा? तिचं तर साफ हायती. तुमी कवा बोलताय तेच बघत हुते." मग दारातून वळून, "ऱ्हायलेलं कडवं म्हणून घ्या. पण खाली बसून."

सईनं सतरंजीवर बसून, ओठ जेमतेम हलवत म्हटलं. पाखराशी आली तेव्हा हात पसरले. डोळे मात्र उघडे, माझ्यावरच.