पाठीला कोण लावतं?

३ फेब्रुवारी, मंगळवार
निदान झालं. सोरायसिस. गेली दीड वर्षं मी ज्याला कोरडी हवा म्हणत होतो, त्याचं हे नाव. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण आवाज हेडमास्तरांचा. म्हणाल्या, कोणाला लागत नाही, जिवाला धोका नाही, मुळासकट जात नाही, पण नेमाने औषध लावलंत तर आटोक्यात राहतो. मलम रोज एकदा, पातळ. मॉइश्चरायझर दोनदा. खाजवायचं नाही. कोपरं, गुडघे, कपाळाची कड तुमची तुम्हाला जमेल. पाठीला कोण लावतं?
म्हटलं, घरात माणसं भरपूर आहेत.
कोण, म्हणाल्या. पेन उघडूनच बसल्या होत्या. माझ्या तोंडातून ताई निघून गेलं. त्यांनी फाइलवर लिहिलं: पाठ – ताई.
घरात मी आणि फ्रिज. फ्रिज आमच्याच कंपनीचा, स्टाफ डिस्काउंटमधला, दिवसभर गुणगुणतो. माणसांत धरायला हरकत नाही.
संकल्प: सहा आठवड्यांत कातडी नवीकोरी. कोणाच्याही मदतीशिवाय.

४ फेब्रुवारी, बुधवार
कोपरं, गुडघे उत्तम. पाठ: डावा हात वरून, उजवा खालून. दोघांची भेट होत नाही. मध्ये पंजाएवढा मुलूख उरतो आणि नेमका तोच लाल. माणसाचे हात आखूड ठेवले आहेत, ही डिझाइनमधलीच चूक. अशी चूक आमच्या फ्रिजमध्ये असती तर तक्रार विभागात मला रोज चाळीस पत्रं आली असती.

७ फेब्रुवारी, शनिवार
उलथन्याला कापूस बांधला. मलम पडद्याला लागलं, बनियनला लागलं, थोडं उजव्या कानाला. पाठीला लागलं की नाही ते पाठीलाच माहीत. तत्त्व मात्र बरोबर आहे. उलथनं लांब हवं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
काळा कोट बंद. खांद्यांवर बर्फ पडतो. आजपासून पांढरे शर्ट. शेजारच्या टेबलवरचा अनुस्वार (हे नाव मी ठेवलेलं, बुटका, गोल आणि जो दिसेल त्याच्या डोक्यावर बसणारा) म्हणाला, काय हो, निवडणुकीला उभे राहताय की काय? म्हटलं, उकडतंय. त्याच्या अंगात स्वेटर होता.
कॅन्टीनला चला म्हणाला. नाही गेलो. तिथे खुर्च्या एकमेकींना खेटून. आमच्याच मॅन्युअलमध्ये पान चारवर आहे: चारी बाजूंनी सहा इंच मोकळी जागा सोडल्यास उपकरण दीर्घकाळ टिकते. मी सहा फूट सोडतो. टिकणारच.

१ मार्च, रविवार
अकरा वाजता ताईचा फोन. दर रविवारी असतो. तिच्या घरी गेलो नाही त्याला आता नऊ महिने होतील. कारण एकदा लिहून ठेवतो, म्हणजे राग शिळा व्हायचा नाही. जूनमध्ये तिच्या सोफ्यावर बसलो होतो. निघताना दारात चपला घालतोय, तेवढ्यात हिने सोफ्याचं कव्हर ओढलं, बाल्कनीत नेलं आणि फडाफड झटकलं. माझ्या डोळ्यांदेखत. सख्खी बहीण! त्या दिवसापासून तो उंबरठा बंद. का बंद, हे तिला कळलं असणारच. न कळायला काय झालं? मी एक शब्दही बोललो नव्हतो.
फोनवर मी तिच्याशी ऑफिसचीच भाषा वापरतो. आज बराच वेळ लेकीबद्दल, तिकिटाबद्दल, बॅगेच्या वजनाबद्दल काहीतरी सांगत होती. माझ्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात उलथनं. म्हटलं, नोंद घेण्यात आली आहे.

३ मार्च, मंगळवार
बाईंनी कोपरं बघितली, छान म्हणाल्या. गुडघे, छान. मग पाठ. वाकून जवळून बघितली. मग हळूच म्हणाल्या, ताई नीट लावत नाहीत का हो?
माझं डोकंच फिरलं. म्हटलं, ताई हातात घेतलेलं काम अर्धवट टाकत नाही. माझ्या शाळेच्या वह्यांना कव्हरं तीच घालायची, दहावीपर्यंत एक कोपरा दुमडला नाही. आईचं सहा वर्षं अंथरुणातलं सगळं तिने केलं, तेसुद्धा कधी कपाळाला आठी न घालता. तुम्ही ओळखत नाही तिला!
बाईंनी पेनाला टोपण लावलं. मी शर्ट घातला. दवाखान्याबाहेर पडल्यावर लक्षात आलं की जिच्याशी नऊ महिने धड बोललो नाही तिच्यासाठी मी डॉक्टरशी भांडून आलो. तत्त्वासाठी भांडलो. बाकी काही नाही.
फाइलमध्ये एक चिठ्ठी खोचलेली निघाली. ताईंसाठी: थर पातळ, कडेपर्यंत, नंतर हात धुवावेत.
चिठ्ठी फ्रिजला लावून ठेवली. त्याच्याकडूनच काही झालं तर.

८ मार्च, रविवार
शास्त्रीय उपाय सापडला. कपाटाच्या दाराला प्लास्टिक चिकटवलं, त्यावर मलम थापलं, पाठ टेकून घासली. गोठ्यातली म्हैस खांबाला घासते तशी. अर्धी ट्यूब खलास. ताईचा फोन वाजत होता, पण मी दाराला चिकटलेलो.
कपाटाचं दार आता अतिशय मऊ झालं आहे.

१५ मार्च, रविवार
ताई म्हणाली, अरे, गुरुवारच्या आत एकदा येऊन जा ना, मग काय, सहा महिने. सहा महिने काय, ते मी विचारलं नाही. ताई लहानपणापासून अशी मुदत घालते. म्हटलं, योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. मग म्हणाली, बरं बाबा.
जिंकलो.

२९ मार्च, रविवार
ताईचा आवाज आज विहिरीतून आल्यासारखा. म्हणाली, इथे मेली काय थंडी रे! मी पंखा पाचवर ठेवून घामाघूम बसलेलो. वर म्हणाली, चल, झोपते आता, डोळे मिटताहेत. सकाळी अकरा वाजता! वय झालं बिचारीचं. माणसाने एकटं राहिलं की डोकं कसं ठिकाणावर राहतं.

३१ मार्च, मंगळवार
पाठीवर आता दोन पंजे. बाई म्हणाल्या, बाकी सगळीकडे मलम लागू पडलंय, पाठीवर फेल. तेव्हा गोळ्या सुरू करू. गोळ्यांवर दर महिन्याला रक्त तपासायचं, लिव्हर बघायचं.
माझ्या डोळ्यांसमोर माझं लिव्हर उभं राहिलं. बिचारं एकावन्न वर्षांत कोणाच्या अध्यात ना मध्यात. मलम फेल नाही हो बाई, ते बापडं तिथवर पोचलेलंच नाही, हे ओठांवर आलं. गिळलं.
मग त्या म्हणाल्या, त्याआधी एक करा. पुढच्या मंगळवारी ताईंना घेऊन या. कशा लावतात ते मला बघू दे.
पर्याय तीन. गोळ्या घेणे: लिव्हरचा विरोध. खरं सांगणे: माझा विरोध. ताई: नऊ महिन्यांची प्रतिज्ञा.

२ एप्रिल, गुरुवार
चौथा पर्याय सुचला. अनुस्वाराला एकदा दवाखान्यात न्यायचं, ताई गावाला गेल्यामुळे धाकटा भाऊ आला म्हणून. विषयाला आडून हात घातला. विचारलं, तुमचे हात कसे आहेत हो? म्हणाला, का? म्हटलं, मऊ आहेत का?
त्याने खुर्ची सहा इंच मागे घेतली. मॅन्युअलप्रमाणे.

५ एप्रिल, रविवार
ताईला माफ करायचं ठरवलं. मोठ्या मनाने. बसमध्ये भाषण तयार केलं: झालं गेलं विसरून जाऊ, तू कव्हर झटकलंस, मी मनावर घेतलं नाही. मग ओघाओघात पाठीचं काढायचं.
बेल वाजवली. दार भावजींनी उघडलं. ताईचा हा नवरा रिटायर होऊन चार वर्षं झाली. दिवसाला दहा-बारा शब्द वापरतो आणि उरलेले बहुतेक दुसऱ्या दिवसासाठी ठेवतो. म्हटलं, ताई?
म्हणाले, लेकीकडे.
कधी येणार? म्हणाले, सप्टेंबर. लेकीचं बाळंतपण नाही का.
सतरा दिवस झाले होते तिला जाऊन. तिकडे, जिथे आत्ता थंडी असते आणि आपल्या सकाळी अकराला रात्र. भावजी म्हणाले, तुला सांगितलं म्हणाली ती. तू म्हणालास, कार्यवाही करतो. ती बुधवारी रात्रीपर्यंत गॅलरीत येऊन-जाऊन बघत होती.
मी बसलो. भाषण पूर्ण तयार होतं, पण ऐकणारं कोणी नव्हतं. शेवटी भावजींनाच मंगळवारचं, पाठीचं, फाइलवरच्या ताईचं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, ट्यूब आणलीस?
आणली होती. (सहज, बॅगेत.) शर्ट काढला. भावजींचं बोट गार, खरखरीत. कडेपर्यंत लावलं. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात मी मोजत होतो. अकरा सेकंद.
झालं, म्हणाले.
दोन महिने, एक उलथनं, अर्धी ट्यूब, एक कपाट. अकरा सेकंद.
हात धुऊन आले. मी निघायला उठलो. तर या गृहस्थाने सोफ्याचं कव्हर ओढलं, बाल्कनीत नेलं आणि फडाफड झटकलं!
दहा महिने पोटात ठेवलेलं सगळं बाहेर आलं. म्हटलं, तुम्हीपण? अहो, लागत नाही हे कोणाला, डॉक्टरांनी लिहून दिलंय! भावजी कव्हर हातात धरून बघत राहिले. मग आयुष्यात पहिल्यांदा सलग बोलले. म्हणाले, अरे, ती सगळ्यांच्या मागे झटकते. पंखा दुरुस्त करायला आलेल्याच्या मागे झटकलं. तिच्या स्वतःच्या मोठ्या जावेच्या मागे झटकलं, वर्षभर बोलत नव्हती ती. माझ्या मागे तर चौतीस वर्षं झटकतेय.
म्हटलं, मग आता ती इथे नाही, तर तुम्ही कशाला झटकताय?
म्हणाले, फोनवर विचारते.
म्हणजे माझा मुद्दा तत्त्वतः बरोबरच होता. तपशील तेवढा चुकला.

७ एप्रिल, मंगळवार
भावजींना घेऊन दवाखान्यात. बाईंनी विचारलं, ताई कुठायत? भावजी म्हणाले, मी बदली आलोय.
बाईंनी लावून घेतलं, बघितलं, भावजींना शाबासकी दिली. मग फाइल उघडून माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं. शिकलेल्या माणसांचं हे वाईट, कळलं तरी विचारत नाहीत. गोळ्या एक महिना पुढे ढकलल्या. ताई हा शब्द खोडून त्यावर लिहिलं: भावजी. रोज.

१९ एप्रिल, रविवार
रोज ऑफिसातून थेट भावजींकडे. अकरा सेकंद लावणं, चहा, मग बसणं. तासभर बसतो. बोलणं असं नाही. काल म्हणाले, खपली पडायची थांबली. एकदम तीन शब्द.
ताईचा फोन तिकडेच आला. सगळं कळलं होतं तिला. म्हणाली, अरे गधड्या, आधी बोलला असतास तर काय तोंड झिजलं असतं? मी काय म्हणणार. नोंद घेतली, हे यायला लागलं होतं तोंडात, आवरलं. म्हटलं, ताई, तू जाताना भेटलो नाही. ती म्हणाली, हं. मग हळू आवाजात म्हणाली, ह्यांच्याकडे जरा बघ रे, एकटे आहेत, दोन-दोन दिवस तोंड उघडत नाहीत.
हे बरं झालं. मला उगाच वाटत होतं की मी माझ्या पाठीसाठी जातो. जातो तो भावजींसाठी.

५ मे, मंगळवार
बाई खूश. पाठीवर फिकट डाग उरलाय फक्त. गोळ्या रद्द. लिव्हर सुटलं. म्हणाल्या, आता रोज मलम नको, शनिवार-रविवारच लावायचं, एक महिन्याने तेही बंद. मॉइश्चरायझर पाठीला नसलं तरी चालेल.
भावजी म्हणाले, छान.
बाई म्हणाल्या, हा आजार परत येतो कधीकधी, आला तर घाबरू नका.
मी विचारलं, नक्की येतो?
बाईंनी चष्म्यावरून बघितलं. भावजी खिडकीबाहेर बघत होते.
संकल्प: उद्यापासून संध्याकाळ पूर्ण मोकळी. वाचन. व्यायाम. कपाटाच्या दाराचं प्लास्टिक काढणे.

६ मे, बुधवार
संध्याकाळी ६.४०. बस चुकीची धरली गेली. भावजींकडे आलो. वही बॅगेतच होती, म्हणून सोफ्यावर बसून लिहितोय.
६.५०. भावजींनी कॅलेंडर बघितलं. म्हणाले, आज नाही ना? म्हटलं, नाही. म्हणाले, हं. चहा ठेवला. दोन कप आधीच बाहेर काढलेले होते.
७.१५. चहा संपला. ते सोफ्याच्या त्या टोकाला, मी या टोकाला. मध्ये सहा इंचांहून बरंच जास्त.
७.४०. पाठ खाजत नाही. मुद्दाम लक्ष देऊन पाहिलं. अजिबात नाही.
८.०५. माझी शेवटची बस सव्वाआठची. निघायला हवं. पण मी उठलो की त्यांना कव्हर झटकावं लागणार, आणि एकदा झटकलं की आजचं संपलं. ते उठले तर मला झटकावं लागेल.
८.२०. भावजींनी विचारलं, काय लिहितोस? म्हटलं, तक्रार. म्हणाले, कोणाबद्दल? आठवेना.
अजून कोणीच उठलेलं नाही.