न घेतलेलं नाव

मंगळवार, १ ऑक्टोबर

त्याचं नाव!

सकाळी टेबलावर पडलेल्या कागदांत होतं. येत्या आठवड्यात शहरात कुठं काय ऐकायला मिळेल, ते शुक्रवारी दुपारच्या बातम्यांआधी मी रेडिओवर सांगते. हॉलवाले, क्लबवाले आपापली माहिती पाठवतात. जॅझ आणि त्याची भावंडं मी सगळ्यात शेवटी घेते – ऐकणारे थोडे, पण हट्टी. त्यातच आज हे. जुन्या गिरणीतला हॉल, शनिवारी संध्याकाळी, क्लॅरिनेट, बास आणि ड्रम. ‘आधी ठरवलेलं काहीही नाही.’ आणि त्याच्या पुढच्या शनिवारी तिथंच तो एकटा.

आधी ठरवलेलं काहीही नाही! संसारही त्यानं तसाच केला.

सहा वर्षं झाली. दोन आठवड्यांचा दौरा म्हणून गेला तो गेलाच. मग एक दिवस फोन – मला त्या घरात श्वास घेता येत नाही. फुंकून वाजवणाऱ्या माणसानं श्वासाची तक्रार करावी, याचं तेव्हा हसू आलं होतं मला. खरंच हसले होते.

घरी आईंना काही बोलले नाही.

बुधवार, २ ऑक्टोबर

आई म्हणजे त्याची आई. लोकांना अजून पटत नाही. नवरा गेला आणि सासू राहिली? परवा बँकेतल्या बाईंनी तर तीनदा विचारलं.

तो गेला तेव्हा नणंद न्यायला आली होती. आई पिशवी भरून बसल्या होत्या. मग मी ऑफिसला निघाले तर पिशवी पुन्हा रिकामी, आणि त्या माझा डबा भरतायत. नणंदेला म्हणाल्या, हिची सकाळची घाई तुला ठाऊक नाही. एवढंच. त्याला फोनवर सांगितलं, या घराची पायरी चढायची तर आधी हिला विचार. त्यानं कधी विचारलं नाही. त्यानंतर त्यांनी घरात त्याचं नावही काढलं नाही. क्लॅरिनेटला त्या पिपाणी म्हणायच्या. आता पिपाणीही नाही.

सांगू का त्यांना? सांगितलं तर त्या जातील, ही एक भीती. सांगूनही जाणार नाहीत, ही दुसरी. त्यांचं ब्लडप्रेशर. डॉक्टर म्हणाले होते, मनाला लावून घ्यायचं नाही. डॉक्टरांचं बरं असतं, सांगून मोकळे.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

टिकटिक भेटला, ऑफिसच्या खाली. आमच्या लग्नात ड्रम वाजवले होते यानं, आणि जेवतानाही ताटावर काटा वाजवत होता म्हणून हे नाव. शनिवारी ड्रमवर तोच आहे. जरा अवघडला. मग म्हणाला, रेडिओवर घे बाई, तुझं ऐकूनच चार लोक येतात आमच्याकडं.

घेईन म्हणाले.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

नाही घेतलं.

वाचताना आवाज अजिबात थरथरला नव्हता. कागद समोर होता. कोरस वाचला, चर्चमधला ऑर्गन वाचला, तळघरातल्या क्लबमधली पियानोवाली वाचली. मग त्याची ओळ आली आणि मी – ‘आणि श्रोतेहो, आजच्यापुरतं इतकंच.’ काचेपलीकडं ध्वनिमुद्रणवाले काका गडबडले. वेळ उरला होता. त्यांनी पटकन कुठलीशी धून लावली आणि माझ्याकडं भुवया उडवून बघितलं. मी घसा दाखवला. घसा बसला म्हणे! धडधडीत खोटं, तेही खुणेनं.

येताना मनाशी घोकत आले – आईंच्या तब्येतीसाठी केलं. दुपारी त्या रेडिओसमोरच असतात, एक शुक्रवार चुकवत नाहीत. अचानक कानावर पडलं असतं तर?

घरी आले तर त्या मटार सोलत होत्या. रेडिओ बंद. एरवी उंबऱ्यातच माझ्या चुका काढतात – अमुक नाव गिळलंस, तमुक ठिकाणी पळालीस. आज म्हणाल्या, लवकर संपलं आज. मी म्हटलं, वेळ कमी दिला. बरं, म्हणाल्या.

आईंची तब्येत! कुणाला सांगतेस? तब्येतीची काळजी असती तर शेजारी बसवून, हात धरून सांगितलं असतंस. मला ते नाव माझ्या तोंडून जायला नको होतं. त्याच्यासाठी लोकांना ‘जरूर जा’ म्हणायला मी काय त्याची जाहिरात आहे? – हे खरं कारण. लिहून टाकलं. लिहिल्यावर आणखी हलकट दिसतंय.

शनिवार, ५ ऑक्टोबर

गेले होते. मी एकटी. घरी सांगितलं, रेकॉर्डिंग आहे. एरवी कुणाचं, कुठं, परत कधी – सतरा प्रश्न. आज एक नाही.

गिरणीतल्या त्या हॉलमध्ये पूर्वी सुताचे गठ्ठे ठेवायचे. अजून भिंतींना तेलाचा वास आहे. खांब जाडजूड, एकाच्या आड मी. खुर्च्या खूप मांडल्या होत्या, माणसं पुढच्या दोन रांगांतही नीट पसरली नव्हती. त्यातलेही निम्मे वादकच, एकमेकांचं ऐकायला आलेले.

तो आला. केस गेलेत पुढचे. वाकलाय थोडा. क्लॅरिनेट जुळवताना तोच जुना चाळा – तोंडाकडचा तुकडा आधी तळहातात धरून ऊब द्यायचा, थंडीत चिमणी धरावी तसा. मला वाटलं होतं राग येईल. राग तयार ठेवून गेले होते. आलाच नाही.

सुरुवात झाली की नाही हेच आधी कळेना. बासवाली एकच तार हळूहळू ओढत होती. टिकटिक नुसता हातानं ड्रमवर फिरत होता, धूळ पुसल्यासारखा. तो बराच वेळ गप्प. मग एक सूर लावला, खालचा, आणि तो धरून ठेवला. संपेल संपेल म्हणताना श्वास पुरत होता. त्याच्या कडेकडेनं दुसरे दोघं यायला लागले. मग एकदम तिघंही धावले, आणि मला त्या धावण्यात त्याचं हसू ऐकू आलं, अगदी लग्नाआधीचं. पूर्वी घरी रियाज करायचा तेव्हा मी दार लावून घ्यायचे. मला वाचायचं असायचं, झोपायचं असायचं, बिलं भरायची असायची. हा माणूस असा वाजवत होता आणि मी दाराच्या अलीकडं होते. ऐकायला सहा वर्षं आणि एक खांब मध्ये घ्यावा लागला.

अधूनमधून मागचं दार उघडायचं. कुणी उशिरा येणारं, कुणी सिगारेटला जाणारं. दर वेळी त्याची नजर तिकडं. वाजवता वाजवता. एकदा तर सूर तुटला. मोकळ्या खुर्च्या खुपत असतील, दुसरं काय.

संपायच्या आधी निघाले. जिन्यात टाळ्या ऐकू आल्या. रिकाम्या हॉलमध्ये टाळ्या वाईट वाजतात, मोजता येतात.

रविवार, ६ ऑक्टोबर

कपाट आवरलं. संध्याकाळी पुन्हा तेच आवरलं.

सोमवार, ७ ऑक्टोबर

गिरणी हॉलच्या मॅनेजरबाईंचा फोन. येत्या शनिवारचं नाव काढून टाका म्हणाल्या. एकट्या क्लॅरिनेटला कोण येणार? तिघांना माणसं जमली नाहीत. हॉलच्या मालकानं सरळ रद्द केलं.

मग थांबून, अगदी सौजन्यानं – “रेडिओवर आलं असतं तर थोडा फरक पडला असता हो. माहिती मिळाली नव्हती का तुम्हाला?”

नजरचुकीनं राहिलं म्हणाले. त्या म्हणाल्या, होतं असं कधी कधी. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

या शुक्रवारी वाचायचं ठरवलं होतं मी. खरंच. शनिवारी जिन्यातच ठरवलं होतं – पहिलंच नाव त्याचं घ्यायचं, आईंना बरोबर घेऊन जायचं, पुढच्या रांगेत बसायचं. वरात निघून गेल्यावर घोडा सजवला!

मंगळवार, ८ ऑक्टोबर

टिकटिककडं गेले. तो मला आत ये म्हणाला नाही. दारातच उभे राहिलो. मी विचारलं, कसा आहे तो? म्हणाला, आता कसा असणार. उद्या दुपारच्या गाडीनं जातोय. थांबून करायचं काय इथं?

मी म्हटलं, मी वाचलं नाही, मुद्दामच. टिकटिक म्हणाला, माहीत आहे. मग बराच वेळ दाराच्या चौकटीवर बोटं वाजवत राहिला. शेवटी म्हणाला, “त्याला शिव्या द्यायच्या होत्या तर तोंडावर द्यायच्या. तो ऐकून घ्यायलाच आला होता.”

अजून एक रात्र आणि एक सकाळ हातात होती. घरी जाऊन आईंना सांगायचं, रिक्षा करायची, त्याच्यासमोर उभं करायचं. इतकं सोपं. घरी आले तर त्या खुशीत होत्या. रेडिओवरच्या कुठल्या तरी खुळचट नाटकाला हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईतो. मला पण बसवलं. मी बसले. हसले पण.

उद्या सकाळी सांगते.

बुधवार, ९ ऑक्टोबर

नाही सांगितलं. गाडी गेली असेल.

गुरुवार, १० ऑक्टोबर

सांगितलं. सगळं – तो आला होता, मी नाव गाळलं, चोरून ऐकून आले, दुसरा कार्यक्रम बुडाला, काल दुपारपर्यंत तो इथंच होता आणि मी गप्प बसले. आई गाद्यांच्या चादरी बदलत होत्या. मी बोलताना त्यांचे हात चालूच. उशीचा अभ्रा उलटा चढवला, पुन्हा काढला, पुन्हा उलटाच चढवला. मी घ्यायला गेले तर उशी पोटाशी धरली.

मला वाटलं रडतील. वाटलं, बोलतील – तुला कुणी अधिकार दिला? मी उत्तरही तयार ठेवलं होतं. माझं हे असंच, भांडणाच्या तयारीनं जायचं आणि समोर कुणी भांडायलाच नाही.

फक्त विचारलं, कसा दिसतो आता? म्हटलं, केस गेलेत पुढचे. म्हणाल्या, वडिलांवर गेला. आणि वाजवतो कसा? मी सांगायला गेले आणि मला शब्दच सापडेनात. दर आठवड्याला सगळ्या शहराला सांगते मी, कोण कसं वाजवतं ते! शेवटी म्हटलं – आई, फार चांगलं वाजवतो. त्या ‘हं’ म्हणाल्या आणि आत जाऊन पडल्या. जेवल्या नाहीत.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

कार्यक्रम वाचला. एकही नाव गाळलं नाही. तळघरातल्या क्लबचा पत्तासुद्धा दोनदा सांगितला. काका काचेतून अंगठा दाखवत होते.

घरी आले तर रेडिओवर टॉवेल वाळत घातलेला. ऐकलं नाही त्यांनी. सहा वर्षांत पहिल्यांदा.

शनिवार, १२ ऑक्टोबर

आज तो एकटा वाजवणार होता.

सहा वाजता आई खिडकीत जाऊन बसल्या. दिवा लावू दिला नाही. मी स्वयंपाकघरात भांडी घासली, घासलेली परत घासली. आमच्यात बोलणं नाही असं नाही – मीठ दे, दार लाव, गोळी घेतली का. त्यापलीकडं भिंत. ही भिंत मीच उभी केली, एका ओळीची.

टिकटिककडून त्याचा नंबर आणलाय. सांगू काय त्याला? माफ कर म्हणणं सोपं आहे, माफ कर हे दोनच शब्द. पण कार्यक्रम परत कसा देऊ? त्या रिकाम्या खुर्च्या?

रविवार, १३ ऑक्टोबर

सकाळी आई आपणहून बोलल्या. चहा माझ्यापुढं ठेवला, स्वतःचा घेतला नाही.

“तो यायचा आहे हे मला आधीच ठाऊक होतं. त्यानं फोन केला होता, घरी येऊ का विचारायला. मी म्हटलं, तिच्या पाठीमागून मला काही करायचं नाही. तिनं रेडिओवर तुझं नाव घेतलं तर समजेन तिची हरकत नाही, आणि ऐकायला येईन.”

कपाची दांडी माझ्या बाजूला फिरवली.

“त्या शुक्रवारी तू बोलायला लागलीस तेव्हा त्यानंच फोन लावला. तो तिकडं, मी इथं, फोन कानाला लावून दोघं ऐकत बसलो. तू ‘इतकंच’ म्हणालीस. मग तो म्हणाला – आई, तिचा आवाज किती छान झालाय.”